सोबती की कारण? प्रोस्टेट कॅन्सरच्या रेणूंची उलटतपासणी

आमच्या पवनारात कुणाला तोंडाचा कॅन्सर झाला की त्याचं कारण विचारायला कुणी दवाखान्यात जात नाही. "खर्रा खाये, म्हून झालं," एवढ्यात चर्चा संपते. तंबाखू-सुपारीबद्दल आज जे माहीत आहे ते बघता हे उत्तर चुकीचंही नाही. पण सत्तरीतल्या एखाद्या आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की पारावरची मंडळी बुचकळ्यात पडतात. "ना बिडी, ना खर्रा. मंग ह्याले काहून झाला?"

मी याच आजाराच्या रेणूंवर पीएच.डी. करते आहे, त्यामुळे गावी गेले की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर असं की तंबाखूकडे दाखवतो तसं बोट दाखवता येईल, असं बाहेरचं एकच एक कारण या कॅन्सरला सापडलेलं नाही. वाढतं वय, वडील किंवा भाऊ यांना हा आजार असणं, बीआरसीए-२ सारख्या जनुकात जन्मापासूनच बिघाड असणं, यांनी धोका वाढतो एवढं नक्की. त्यापुढचं कारण पेशीच्या आत शिरून शोधावं लागतं.

हा लेख तुमच्यापैकी जे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत, नेट-गेटचा अभ्यास करताहेत किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीला निघाले आहेत, त्यांच्यासाठी आहे. प्रयोगशाळेत पाय ठेवण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कॅन्सरच्या पेशीत सापडलेला प्रत्येक बदल हा कॅन्सरचं कारण नसतो. बरेचसे बदल नुसते सोबत आलेले असतात. कारण कोण आणि सोबती कोण हे वेगळं करणं, यातच आमचा बहुतेक दिवस जातो. ते कसं करतात, तेच आज बघू.

आधी ग्रंथी समजून घेऊ

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, फक्त पुरुषांत असते. मूत्राशयाच्या अगदी खाली, साधारण अक्रोडाएवढी. मूत्रनलिका तिच्या मधून जाते, म्हणून ग्रंथी फुगली की लघवीला त्रास होतो. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. उतारवयात ही ग्रंथी बहुतेकांची थोडीफार वाढते आणि ती वाढ कॅन्सर नसते. हे आधीच सांगते, कारण "प्रोस्टेट वाढलंय" आणि "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे" ही दोन वाक्यं आपल्याकडे सर्रास एकच समजली जातात.

या ग्रंथीच्या पेशी पुरुषी संप्रेरकांवर, म्हणजे अँड्रोजनवर जगतात. वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं, रक्तातून प्रोस्टेटच्या पेशीत येतं, आणि तिथे एक एन्झाइम त्याचं डीएचटी नावाच्या जास्त जोरकस रूपात रूपांतर करतं. हे डीएचटी अँड्रोजन रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. मग तो रिसेप्टर पेशीकेंद्रकात जातो, डीएनएवर ठरावीक जागी बसतो आणि तिथली जनुकं चालू करतो. रक्ताच्या तपासणीत ज्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल ते पीएसए, हे अशाच एका चालू झालेल्या जनुकाचं प्रथिन.

संप्रेरकांचा आणि या कॅन्सरचा संबंध १९४१ साली शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवला. पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या रुग्णांची वृषणं काढली किंवा त्यांना इस्ट्रोजेन दिलं, की रक्तातलं अॅसिड फॉस्फटेज कमी व्हायचं. हे एन्झाइम या आजाराची खूण म्हणून तेव्हा मोजलं जात होतं. आजार मागे हटत होता. या कामासाठी हगिन्स यांना १९६६ चं नोबेल मिळालं.

आता त्या प्रयोगाची रचना नीट बघा. त्यांनी "कॅन्सर असलेल्यांत अँड्रोजन जास्त आहे का?" असं विचारलं नाही. त्यांनी अँड्रोजन काढून घेतलं आणि आजाराचं काय होतं ते पाहिलं. शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन गोष्टींची नोंद घेणं वेगळं, आणि त्यातली एक हलवून दुसरी हलते का हे बघणं वेगळं. पुढचं सगळं याच फरकावर उभं आहे.

धाम नदी आणि चार प्रश्न

समजा तुम्ही पवनारच्या पुलावर उभे आहात आणि धाम नदीचं पाणी उतरलेलं दिसतंय. काठावरचं गवतही वाळलंय. गवत वाळलं म्हणून पाणी उतरलं, असं कुणी म्हणणार नाही, कारण नदी आपण रोज बघतो. पण नदी कधीच न पाहिलेल्या माणसाला फक्त शंभर फोटो दिले, तर त्याला एवढंच कळेल की जिथे पाणी कमी तिथे गवत वाळलेलं. कोण कुणामुळे, हे फोटो सांगणार नाही. पाणी वर महाकाळीच्या धरणातून सोडलं नाही म्हणून कमी आहे, की पाऊसच झाला नाही म्हणून, की काठावरच्या मोटारींनी उपसलं म्हणून, हे कळायला दरवाजा उघडून-बंद करून बघावा लागेल.

रुग्णाच्या गाठीचा तुकडा हा असाच एक फोटो असतो. त्यात हजारो जनुकांची पातळी बदललेली दिसते. त्यातलं एखादं जनुक, त्याला आपण "क्ष" म्हणू, कारण आहे असा दावा करायचा असेल तर निदान चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

पहिला: क्ष खरंच रुग्णांत दिसतो का? नुसता एका तुकड्यात नाही, पुरेशा रुग्णांत, आणि शेजारच्या निरोगी ऊतीशी तुलना करून.

दुसरा: क्ष काढला तर काय होतं? पेशीतलं ते जनुक एसआय-आरएनए वापरून दाबायचं किंवा क्रिस्परने तोडायचं, आणि पेशींची वाढ, हालचाल, मृत्यू मोजायचा.

तिसरा: ज्या पेशीत क्ष नव्हता तिच्यात तो घातला तर काय होतं? साधी पेशी कॅन्सरसारखी वागू लागते का?

चौथा, आणि हाच सगळ्यात जास्त विसरला जातो: काढलेला क्ष परत दिला तर सगळं पूर्ववत होतं का? एसआय-आरएनए कधीकधी भलत्याच जनुकालाही दाबतो. मग पेशी मेल्या त्या क्ष गेला म्हणून, की त्या दुसऱ्या जनुकामुळे? एसआय-आरएनएला ओळखू येणार नाही असं क्षचं रूप परत पेशीत घालायचं. पेशी सावरल्या तर दोष क्षच्याच अभावाचा. नाही सावरल्या तर आपण चुकीच्या माणसाला पकडलं.

मुलाखतीत "तुमच्या प्रोजेक्टमधलं जनुक महत्त्वाचं आहे हे कशावरून?" असं विचारतात, तेव्हा समोरच्यांना या चारांपैकी तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे ऐकायचं असतं. पहिल्याच पायरीवर असाल तर तसं सरळ सांगा. त्यात काही कमीपणा नाही. पहिल्या पायरीवर उभं राहून चौथीची भाषा बोलणं मात्र लगेच पकडलं जातं.

उदाहरण एक: औषध थकतं तेव्हा

हगिन्स यांच्या उपचाराची मर्यादा लवकरच लक्षात आली होती. अँड्रोजन तोडलं की आजार मागे हटतो, पण पसरलेल्या आजारात काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो बहुधा परततो. बराच काळ असं मानलं जायचं की परतलेल्या कॅन्सरला आता अँड्रोजनची वाट लागत नाही, त्याने दुसराच रस्ता धरलाय.

२००४ साली चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने हे तपासलं. उंदरांत वाढवलेल्या मानवी गाठींच्या सात जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एक गाठ संप्रेरक-उपचाराला दाद देणारी आणि तिच्यापासूनच निपजलेली दुसरी दाद न देणारी. सातही जोड्यांत सातत्याने दिसलेला बदल एकच होता: अँड्रोजन रिसेप्टरची पातळी वाढलेली. तीही प्रचंड नाही, माफकच.

इथपर्यंत हा फोटोच झाला. पुढे त्यांनी दाद देणाऱ्या पेशींत रिसेप्टर वाढवला, तर त्या कमी अँड्रोजनमध्येही वाढू लागल्या. दाद न देणाऱ्या पेशींत रिसेप्टर दाबला, तर वाढ मंदावली. रिसेप्टरची संप्रेरक पकडण्याची जागा बिघडवली, तर तो हे काम करेना. म्हणजे संप्रेरक जवळजवळ संपलं तरी पेशी जुन्याच रस्त्यावर होती. पाणी आटल्यावर तिने बादल्या वाढवल्या होत्या, जेणेकरून उरलेला थेंबन् थेंब पकडता यावा.

यातून आणखी एक विचित्र गोष्ट बाहेर आली. रिसेप्टर वाढलेल्या पेशींत त्या काळची रिसेप्टर-विरोधी औषधं उलटी वागत होती, रिसेप्टरला थांबवण्याऐवजी थोडं चालूच करत होती. मग शोध सुरू झाला तो रिसेप्टर वाढलेला असतानाही विरोधीच राहील अशा रेणूचा. त्यातून एन्झाल्युटामाइड आलं. २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आज ते आपल्याकडेही वापरलं जातं.

पेशी तिथेही थांबत नाही. काही रुग्णांत रिसेप्टरचं एआर-व्ही-७ नावाचं आखूड रूप सापडतं. त्याला संप्रेरक पकडण्याची जागाच नसते आणि तो संप्रेरकाशिवाय चालू राहतो. एन्झाल्युटामाइड ज्या जागी बसतं तीच जागा नाही, मग ते बसणार कुठे?

उदाहरण दोन: सरासरीने लपवलेलं जनुक

हे उदाहरण आकडेवारीला घाबरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं.

जनुकांच्या पातळ्या मोजायची यंत्रणा आली तेव्हा सगळे एकच करत होते. कॅन्सरच्या नमुन्यांची सरासरी काढायची, निरोगी नमुन्यांची काढायची, आणि दोन्हींत फरक किती ते बघायचं. मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नैयन यांच्या गटाने, स्कॉट टॉमलिन्स यांच्यासह, वेगळा प्रश्न विचारला. एखादं जनुक सगळ्या रुग्णांत थोडं-थोडं वाढण्याऐवजी काही मोजक्याच रुग्णांत प्रचंड वाढलेलं असेल तर? सरासरीत ते बुडून जाईल. वर्गातल्या पाच जणांना शंभरपैकी शंभर आणि बाकीच्यांना चाळीस मिळाले, तर वर्गाची सरासरी बघून त्या पाच जणांचा पत्ता लागत नाही. म्हणून त्यांनी सरासरी बाजूला ठेवली आणि टोकाला जाऊन बसलेले आकडे शोधले.

२००५ साली त्यांनी जाहीर केलं की ईआरजी आणि ईटीव्ही-१ ही दोन जनुकं अशी टोकाला आहेत, आणि एका रुग्णात सहसा दोहोंपैकी एकच वाढलेलं असतं. असं का, हे बघताना कळलं की डीएनए तुटून चुकीच्या ठिकाणी जोडला गेलाय. ईआरजी आणि टीएमपीआरएसएस-२ ही दोन्ही जनुकं २१ व्या गुणसूत्रावर आहेत, एकमेकांपासून सुमारे ३० लाख अक्षरं लांब. कित्येक रुग्णांत मधला भाग गळून गेलेला असतो, आणि टीएमपीआरएसएस-२ चं तोंड ईआरजीच्या धडाला येऊन चिकटतं.

टीएमपीआरएसएस-२ चं नाव कोविडच्या काळात ऐकलं असेल. कोरोना विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारं प्रथिन तेच. प्रोस्टेटमध्ये मात्र महत्त्वाचं हे, की त्याचं बटण अँड्रोजनच्या हातात आहे. ते बटण ईआरजीला जोडलं गेलं की पुरुषी संप्रेरक आलं रे आलं, ईआरजी जोरात सुरू. शरीराचं रोजचं संप्रेरक एका भलत्याच जनुकाला खतपाणी घालू लागतं. युरोपीय वंशाच्या रुग्णांत साधारण निम्म्या गाठींत हे जोडजनुक सापडतं.

मग ईआरजी हे कारण झालं का? तिसरा प्रश्न आठवा: घातलं तर काय होतं? उंदराच्या प्रोस्टेटमध्ये एकटं ईआरजी वाढवलं तर फार तर कॅन्सरपूर्वीचे बदल दिसतात, पूर्ण कॅन्सर सहसा होत नाही. २००९ साली दोन गटांनी दाखवलं की त्याच उंदरात पीटेन नावाचं, पेशीच्या वाढीला लगाम घालणारं जनुकही बिघडवलं, तर कॅन्सर उभा राहतो. म्हणजे ईआरजी हा सोबती नक्कीच नाही, पण एकट्याच्या बळावर गुन्हा करणाराही नाही. "कारण" हा शब्द वापरताना एकट्याने पुरेसं, दुसऱ्याच्या साथीने पुरेसं, की फक्त गरजेचं, हे सांगायचं असतं. प्रबंध लिहिताना मार्गदर्शक लाल पेनने खुणा करतात त्या बहुधा इथेच.

या पेशी आहेत कुणाच्या?

प्रयोगशाळेत रोज आपण ज्या पेशींवर काम करतो त्या कुठल्या, हे विचारायची सवय लावून घ्या.

जगभर सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या तीन प्रोस्टेट पेशीमालिका १९७० च्या दशकातल्या. एलएनकॅप एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतल्या गाठीतून, पीसी-३ दुसऱ्याच्या हाडातून, डीयू-१४५ तिसऱ्याच्या मेंदूतून. तिघेही गोरे पुरुष. तिन्ही नमुने कॅन्सर पसरल्यानंतरचे. म्हणजे कॅन्सर सुरू कसा होतो याचा अभ्यास करायला आपण ज्या पेशी घेतो, त्या सुरुवात मागे टाकून केव्हाच पुढे गेलेल्या आहेत.

शिवाय त्या एकसारख्याही नाहीत. पीसी-३ आणि डीयू-१४५ मध्ये अँड्रोजन रिसेप्टर जवळजवळ नसतोच. एलएनकॅपमध्ये आहे, पण त्यात एक म्युटेशन आहे, ज्यामुळे तो प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन आणि चक्क फ्लुटामाइडसारख्या विरोधी औषधानेही चालू होतो. म्हणून अँड्रोजनचा प्रयोग करण्याआधी आम्ही सीरम कोळशाने प्रक्रिया करून घेतो, त्यातली संप्रेरकं काढून टाकायला. माध्यमही फिनॉल रेड नसलेलं वापरतो, कारण त्या लाल रंगाचा इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम होतो. नवीन मुलांना ही नसती उठाठेव वाटते. पण हे केलं नाही तर तुम्ही संप्रेरक दिलेल्या पेशींची तुलना संप्रेरक आधीच चाखलेल्या पेशींशी करत बसता. ईआरजीचं जोडजनुक हवं असेल तर यातली एकही चालत नाही, मणक्यातल्या गाठीतून आलेली व्हीकॅप लागते.

आणि पेशी मुळात प्रोस्टेटच्या आहेत का? टीएसयू-पीआर-१ नावाची पेशीमालिका अनेक वर्षं प्रोस्टेट कॅन्सरची म्हणून वापरली गेली. २००१ साली डीएनएची ओळख पटवल्यावर कळलं की ती टी-२४ या मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींचीच शाखा आहे. टी-२४ ज्या रुग्णाची, ती होती एक बाई! पुरुषाच्या ग्रंथीवरचं संशोधन म्हणून छापलेले कित्येक निष्कर्ष एका स्त्रीच्या मूत्राशयावरचे निघाले. म्हणून पेशी हातात आल्यावर त्यांची एसटीआर तपासणी झाली आहे का, हे आधी बघायचं. भारतात बऱ्याच प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पेशी मागवतात. आलेल्या बाटलीबरोबरचा कागद जपून ठेवा आणि "शेजारच्या लॅबमधून आणल्या" या प्रकारापासून लांब राहा.

पेशी शरीराबाहेर वाढवायची ही विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, हे आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच सांगतात. कमल रणदिवे, जन्म १९१७, पुणे. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. हेला पेशी वाढवणारे हेच गाय. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. त्यांचं मुख्य काम स्तनाच्या कॅन्सरवर होतं आणि संप्रेरकं, विषाणू व कॅन्सरची प्रवणता यांचा संबंध त्या शोधत होत्या. संप्रेरकावर पोसला जाणारा कॅन्सर, हा आपल्याही आजच्या विषयाचा गाभा आहे. ते केंद्र पुढे टाटा मेमोरियलच्या छत्राखाली आलं आणि आज खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये त्याची परंपरा चालू आहे.

आपल्या माणसांचे नमुने

आता जरा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पवनारहून जवळच सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, १९६९ ची. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी तिथेच चालते. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून आहे आणि ग्रामीण भागासाठीची बार्शीची नोंदणी १९८७ पासून. जिल्ह्यात कुठला कॅन्सर, किती जणांना, कुठल्या वयात, हे या नोंदींतून कळतं. पण त्या गाठीच्या आत ईआरजी जोडलेलं होतं का, पीटेन गेलेलं होतं का, हे नोंदवहीत नसतं. ते कळायला ऊतीचा नमुना लागतो आणि त्यावर प्रश्न विचारणारा कुणीतरी लागतो.

हे महत्त्वाचं का? कारण या बदलांचं प्रमाण सगळीकडे सारखं नाही. चीन-जपानच्या रुग्णांत ईआरजीचं जोडजनुक युरोपीयांपेक्षा बरंच कमी सापडतं. आपल्याकडे काय? आयआयटी कानपूरच्या बुशरा अतीक यांच्या गटाने उत्तर भारतातल्या रुग्णांचे नमुने तपासले आणि २०१५ साली छापलं, तेव्हा प्रमाण जवळपास निम्मं निघालं, म्हणजे युरोपीय रुग्णांच्या जवळचं. "आपण आशियाई, म्हणजे चीनसारखेच असणार" असं गृहीत धरलं असतं तर फसगत झाली असती.

याच गटाने २०२० साली स्पिंक-१ या जनुकाबद्दल दाखवलेली गोष्ट डोक्यात ठेवण्यासारखी आहे. अँड्रोजन रिसेप्टर हा स्पिंक-१ ला दाबून ठेवणाऱ्यांपैकी एक आहे. उपचार म्हणून अँड्रोजनचा रस्ता बंद केला की दाब सुटतो आणि स्पिंक-१ वर येतं. म्हणजे एका गुन्हेगाराला आत टाकल्यावर दुसरा मोकळा सुटतो. संशोधनासाठी त्याच वर्षी अतीक यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. चिन्नैयन यांच्या प्रयोगशाळेत काम करून त्या भारतात परतल्या आणि इथल्या नमुन्यांवर प्रश्न विचारू लागल्या, हे मला त्यात सगळ्यात भावतं.

विदर्भातल्या खेड्यात अजूनही "म्हातारपण आलं, लघवीला वेळ लागणारच" म्हणून माणसं दुखणं अंगावर काढतात. काही जण कंबर धरून येतात, तेव्हा आजार हाडांत पोचलेला असतो. अशा माणसाच्या गाठीत काय चाललंय हे आपण १९७० च्या दशकातल्या तीन परक्या पेशीमालिकांवरून किती सांगणार? त्यांनी शिकवलेलं खोटं नाही, पण ते इथे लागू आहे की नाही हे इथल्याच नमुन्यांवर तपासावं लागेल.

त्याची किंमतही समजून घ्या. नमुना म्हणजे सुईने काढलेला भाताच्या काडीएवढा तुकडा, तो आधी निदानासाठी, उरला तर संशोधनासाठी. त्याआधी नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती, तीही त्याला कळेल अशा भाषेत. तुकड्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर निरोगी पेशी आणि आधार-ऊतीही असते, म्हणजे पुन्हा तीच सरासरीची भानगड. कित्येक महिने नमुने गोळा करण्यात जातात आणि हातात एकही आलेख नसतो. हे माहीत असून यायचं.

तयारी काय करायची?

मला विचाराल तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाबरोबर आठवड्याला एक शोधनिबंध वाचा आणि वहीत पाच गोष्टी लिहा. एक, दावा एका वाक्यात काय आहे. दोन, पेशी कुठल्या आणि त्यांत अँड्रोजन रिसेप्टर आहे की नाही. तीन, वरच्या चार प्रश्नांपैकी कितींची उत्तरं दिली आहेत. चार, तुलनेसाठी घेतलेला गट योग्य आहे का. पाच, हा निष्कर्ष कुठल्या एका प्रयोगाने मोडून पडेल. पाचवं उत्तर लिहिता आलं नाही तर निबंध पुन्हा वाचा. बहुतेक वेळा दावाच नीट कळलेला नसतो.

आकृत्या आधी बघा, चर्चा शेवटी. लेखकांनी काय म्हटलंय ते वाचण्याआधी आकृती तुम्हाला काय सांगते ते लिहून काढा. दोन्हींत तफावत निघाली तर घाबरू नका, कधीकधी तुमचंच बरोबर असतं.

प्रयोगशाळा निवडताना गटाचं नाव बघण्यापेक्षा विचारा: इथे रुग्णांचे नमुने कुठून येतात? पेशींची ओळख किती दिवसांनी तपासता? एखाद्याचं गृहीतक खोटं ठरलं तर त्याच्या पीएच.डी.चं काय होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे देणारा मार्गदर्शक मिळाला तर पुढची पाच वर्षं सुसह्य जातात.

एक गोष्ट घरच्यांसाठी. हा लेख वाचून कुणाचा पीएसएचा आकडा तुमच्याकडे आला, तर त्यावरून निदान करू नका. साध्या वाढीत किंवा जंतुसंसर्गातही पीएसए वाढतं. त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. आपण रेणूंचे विद्यार्थी आहोत, रुग्णाची परवानगी त्याच्या डॉक्टरला आहे.

आणि पारावरच्या त्या प्रश्नाला मी सध्या एवढंच सांगते: "काका, संप्रेरकाचं बटण भलत्या जनुकाला लागलं आणि लगाम तुटला, तर असं होऊ शकते. यांच्या गाठीत तेच झालं का, ते पाहाले यांच्याच गाठीचा तुकडा लागते." हे उत्तर कुणाला पुरत नाही, मलाही पुरत नाही. पण यातला प्रत्येक शब्द प्रयोगाने तपासून घेतलेला आहे.

पुढच्या लेखात वेस्टर्न ब्लॉटचं चित्र कसं वाचायचं ते बघू. येताना कुठल्याही एका निबंधातली एक पट्टी निवडून ठेवा, आणि तिच्याखाली तुलनेची दुसरी पट्टी आहे का, हे आधी बघून या.